आकाशांतील झोपाळे

नांदेडहून उत्तरेकडे निघालें कीं थोड्याच वेळांत अर्धापूर लागतें. केळीच्या बागांचा आणि हळदीच्या शेतांचा हा मुलूख आहे. रात्रीं उठून बागेला पाणी देणाऱ्या येथील शेतकऱ्याला चंद्र हा नित्याचा सोबती. आणि त्या चंद्रावरील ससा तर इतका ओळखीचा कीं, तो कधीं बदलत कसा नाहीं, असा प्रश्नही सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आजोबांनीं जो ससा पाहिला तोच नातवाला दिसतो. चंद्र कलेकलेनें वाढतो, कलेकलेनें घटतो; परंतु आपलें तोंड मात्र फिरवीत नाहीं. याच शेतकऱ्याच्या घरावर दूरदर्शनची जी छत्री असते तीही वर्षानुवर्षें आकाशांतील एकाच ठिकाणाकडे रोखलेली असते, आणि तेथील उपग्रह आपली जागा सोडीत नाहीं. चंद्राचें मुख अढळ, उपग्रहाची जागा अढळ, असें वाटतें. परंतु हें अढळपण वरवरचें आहे. चंद्राचें मुख डोलत असतें. उपग्रह जागेवरून घसरत असतो आणि त्याला पुन्हां पुन्हां सांवरावें लागतें. आकाशांत समतोल आहे खरा, पण तो देवळाच्या खांबाचा नव्हे, झोपाळ्याचा आहे. कोणती वस्तु आपण होऊन मध्यावर परत येते आणि कोणती हात न दिल्यास निसटून जाते, हें जाणण्यावर आज पुष्कळ कांहीं अवलंबून आहे. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

देवळांत प्रदक्षिणा घालणारा मनुष्य आपली उजवी बाजू सदैव देवाकडे ठेवतो. गाभाऱ्यांतून पाहणाऱ्याला त्याचा उजवा खांदाच दिसणार, डावा कधींच नाहीं. म्हणून तो स्वतःभोंवतीं फिरलाच नाहीं असें म्हणतां येईल काय? एका प्रदक्षिणेंत त्याचें तोंड चारी दिशांना होऊन जातें. म्हणजे देवाभोंवतीं एक फेरा पुरा होतांना स्वतःभोंवतींही एक फेरा पुरा झालेला असतो. चंद्राचें नेमकें असेंच आहे. पृथ्वीभोंवतीं फिरण्यास त्याला जे २७ दिवस ७ तास ४३ मिनिटें लागतात, तेवढ्याच काळांत तो स्वतःच्या आंसाभोंवतीं एकदां फिरतो.

ही गोष्ट महाराष्ट्राच्या भूमीला नवी नाहीं. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायांत पितरांच्या दिवसाचा विचार केला आहे. पितर चंद्राच्या वरच्या, म्हणजे पृथ्वीच्या विरुद्ध बाजूस राहतात. अमावास्येला सूर्य त्यांच्या माथ्यावर येतो, म्हणून अमावास्या ही त्यांची मध्यान्ह, अशी ती उपपत्ति आहे. पितरांची कल्पना श्रद्धेची असेल, पण तींतील विचार चोख आहे. चंद्राची एक बाजू नेहमीं पृथ्वीकडे व दुसरी नेहमीं पलीकडे असल्याखेरीज हें विधान करतांच येत नाहीं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केला. त्यासंबंधींचा तेराव्या शतकाच्या आरंभींचा शिलालेख चाळीसगांवजवळ पाटण येथें आहे. ज्या बाजूस भास्कराचार्यांनीं पितरांना बसविलें ती बाजू मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडली ती १९५९ च्या ऑक्टोबरांत, सोव्हिएट रशियाच्या लूना-३ या यानानें पाठविलेल्या छायाचित्रांतून.

मग मुख डोलतें तें कसें? प्रदक्षिणेचाच दाखला पुढें चालवावा. प्रदक्षिणा घालणारा स्वतःभोंवतीं अगदीं एकसारख्या गतीनें वळतो आहे. पण देवळाच्या एका बाजूस तो भरभर चालतो आणि दुसऱ्या बाजूस रेंगाळतो, अशी कल्पना करावी. जेथें पाय भरभर उचलले तेथें वळणें मागें पडलें. जेथें रेंगाळला तेथें वळणें पुढें गेलें. त्यामुळें गाभाऱ्यांतून पाहणाऱ्याला खांद्याबरोबर कधीं छातीचा थोडा भाग दिसेल, कधीं पाठीचा. चंद्राची कक्षा पूर्ण वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे. जवळ येतो तेव्हां तो पृथ्वीपासून सुमारें ३ लक्ष ६३ हजार किलोमीटरांवर, तर दूर जातो तेव्हां सुमारें ४ लक्ष ५ हजार किलोमीटरांवर असतो. जवळ असतां तो त्वरेनें चालतो, दूर असतां मंद. स्वतःभोंवतीं फिरणें मात्र एकसारखें चालू असतें. म्हणून त्याचें मुख पूर्व-पश्चिम दिशेनें दोन्ही बाजूंस जवळजवळ आठ अंशांपर्यंत डोलतें.

चंद्राची ही विषम चाल पंचांग पाहणाऱ्या प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. एखादी तिथि २० तासांतच संपते, एखादी जवळजवळ २७ तास पुरते. आणि त्यामुळेंच कधीं तिथीचा क्षय होतो, कधीं वृद्धि. एकादशी आज कीं उद्यां, हा घरांत पडणारा प्रश्न, आणि दुर्बिणींतून दिसणारें चंद्राचें डोलणें, हीं मुख्यतः एकाच कारणाचीं दोन फळें होत.

याशिवाय आणखी दोन डोलनें आहेत. चंद्राचा आंस त्याच्या कक्षेवर काटकोनांत उभा नसून साडेसहा अंशांहून थोडा अधिक कललेला आहे; त्यामुळें कधीं उत्तर ध्रुवापलीकडचा, तर कधीं दक्षिण ध्रुवापलीकडचा थोडा प्रदेश दिसतो. तिसरें डोलन तर पाहणारा स्वतःच उत्पन्न करतो. अर्धापुराहून चंद्रोदय पाहिला आणि रात्र सरल्यावर चंद्रास्त पाहिला, तर तेवढ्या वेळांत पृथ्वीच्या फिरण्यानें पाहणाऱ्याची जागाच हजारों किलोमीटर सरकलेली असते. उगवतांना चंद्राची जी कड वर असते तिच्या पलीकडचें किंचित् दिसतें, आणि मावळतांना तिच्या समोरच्या कडेपलीकडचें. हा फरक प्रत्येक वेळीं एका अंशाहूनही कमी, पण मोजतां येण्यासारखा आहे. या तिन्हींचा परिणाम असा कीं, चंद्राचा शेंकडा ५० नव्हे तर शेंकडा ५९ भाग केव्हां ना केव्हां पृथ्वीवरून पाहतां येतो.

ज्याला हें स्वतः पडताळून पाहावयाचें असेल त्याला मोठी वेधशाळा नको. पौर्णिमेचा चंद्र उगवतांना त्याच्या वरच्या कडेजवळ एक सुटा, काळसर, लंबगोल डाग असतो. युरोपीय ज्योतिष्यांनीं त्याला 'संकटांचा समुद्र' असें नांव दिलें आहे. हातांत धरावयाच्या साध्या दुर्बिणीनें दर पौर्णिमेस तो पाहून त्याचें कडेपासूनचें अंतर वहींत काढून ठेवलें, तर चार-सहा महिन्यांतच तो कडेकडे सरकतो आणि परत आंत येतो, हें कोणत्याही शाळकरी मुलाला कळून येईल. गॅलिलिओला हें डोलणें उमगलें तें त्याची दृष्टि जाण्याच्या थोडेंच आधीं, १६३७ च्या सुमारास.

हें झालें दिसण्यापुरतें डोलणें. पण चंद्र खरोखरीही डोलतो. त्याचा गोळा अगदीं वाटोळा नाहीं. पृथ्वीच्या दिशेनें तो किंचित् लांबट आहे. ही लांबट बाजू थोडी इकडे तिकडे वळली कीं पृथ्वीचें आकर्षण तिला सरळ करूं पाहतें. आणि सरळ होतांना, झोपाळा मध्यावर न थांबतां पलीकडे जातो त्याप्रमाणें, तीही थोडी पलीकडे जाते. हें खरें डोलणें फार सूक्ष्म आहे, एका अंशाच्याही लहानशा भागाइतकें. तरीपण एकमुखीपणाचें रहस्य त्यांतच आहे. चंद्राला आपल्याकडे तोंड करावयास लावणारी जी शक्ति, तीच त्याला डोलविणारी शक्ति. १७६४ मध्यें पॅरिसच्या विज्ञान अकादमीचें चंद्रडोलनाच्या उपपत्तीसाठीं ठेवलेलें पारितोषिक लाग्रांज नांवाच्या ट्यूरिनच्या तरुण गणित्यानें मिळविलें. हें नांव पुढें पुन्हां यावयाचें आहे, म्हणून लक्षांत ठेवण्यासारखें आहे. १९६९ पासून चंद्रावर ठेवण्यांत आलेल्या आरशांवर लेसरचा किरण पाडून हीं सूक्ष्म डोलनें आतां मोजतां येतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चंद्रावर उतरलेल्या चंद्रयान-३ च्या विक्रम यानावरही असा लहानसा आरसा आहे. त्याच वर्षीं १२ डिसेंबर रोजीं चंद्राभोंवतीं फिरणाऱ्या एका अमेरिकन यानानें त्यावर किरण पाडून तो परत मिळविला.

चंद्राचें डोलणें हें जागच्या जागीं होणारें डोलणें. परंतु कक्षेंत फिरणाऱ्या वस्तूची जागाच जेव्हां डोलूं लागते, तेव्हां तेथें एक उलटा न्याय चालतो. तो समजण्यासाठीं मळणीचें खळें डोळ्यांपुढें आणावें. मधल्या तिवड्याला बांधलेल्या बैलांच्या ओळींत आंतला बैल सावकाश चालतो आणि कडेच्या बैलाला धांवावें लागतें, कारण दोघे एकाच दोराला बांधलेले आहेत. आकाशांत असा दोर नाहीं. तेथें आंतला धांवतो आणि बाहेरचा रेंगाळतो. सूर्याजवळचा बुध ८८ दिवसांत फेरा पुरा करतो. दूरच्या शनीला साडेएकोणतीस वर्षें लागतात. आतां, कक्षेंत फिरणाऱ्या वस्तूला कोणी पुढें ढकललें तर काय होईल? त्या धक्क्यानें ती बाहेरच्या, मोठ्या कक्षेंत चढेल. आणि बाहेरची कक्षा मंद गतीची असल्यामुळें अखेर मागें पडेल. मागें ओढलें तर ती आंतल्या कक्षेंत उतरेल आणि पुढें पळेल. पुढें ढकललेला मागें पडावा आणि मागें ओढलेला पुढें जावा, असा हा न्याय आहे. पुढील सारें विवेचन या एका न्यायावर उभें आहे.

या न्यायाचा अत्यंत मनोहर देखावा शनीच्या दोन चंद्रांत पाहावयास मिळतो. त्यांचीं नांवें जेनस आणि एपिमेथियस. दोघांच्या कक्षा शनीच्या केंद्रापासून सुमारें दीड लक्ष किलोमीटरांवर आहेत, आणि त्यांमध्यें फरक अवघा ५० किलोमीटरांचा. चंद्र स्वतः मात्र शंभर किलोमीटरांहून अधिक रुंदीचे. आंतला चंद्र किंचित् त्वरेनें चालतो, म्हणून सुमारें चार वर्षांनीं तो बाहेरच्याला मागून गांठूं लागतो. आतां टक्कर अटळ, असेंच कोणाला वाटेल. परंतु जवळ येतांच पुढचा मागच्याला पुढें ओढतो, आणि मागचा पुढच्याला मागें ओढतो. पुढें ओढला गेलेला बाहेर चढून मंदावतो; मागें ओढला गेलेला आंत उतरून धांवूं लागतो. दोघांनीं जागा बदलल्या, आणि एकमेकांना न शिवतां ते पुन्हां दूर दूर जाऊं लागले. चार वर्षांनीं पुन्हां हीच अदलाबदल. जेनसचें वस्तुमान दुसऱ्याच्या साडेतीन पटींहून थोडें अधिक असल्यामुळें तो थोडा हलतो, आणि धाकटा पुष्कळ हलतो. हे एक नसून दोन चंद्र आहेत, ही शंका १९७८ मध्यें घेतली गेली आणि १९८० मध्यें व्हॉयेजर-१ या यानानें ती खरी ठरविली.

हाच न्याय मराठवाड्याच्या आकाशांत, अर्धापुराच्या दक्षिणेला, रात्रंदिवस चालू आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. पृथ्वीच्या विषुववृत्तावर सुमारें ३५ हजार ८०० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह पृथ्वीबरोबरच एका दिवसांत फेरा पुरा करतो; म्हणून तो एकाच जागीं उभा असल्यासारखा दिसतो. पण विषुववृत्तही अगदीं वाटोळें नाहीं. पश्चिम आफ्रिकेजवळच्या अटलांटिक महासागराकडे, आणि त्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूस पॅसिफिक महासागराकडे तें किंचित् फुगीर आहे. हा फुगवटा कांहीं दहा मीटरांचाच. पण उपग्रहाला ओढण्यास तेवढाही पुरतो. या दोन फुगवट्यांच्या बरोबर मध्यें जे दोन बिंदु येतात तेथें दोन्हींकडची ओढ सारखी होते. त्यांपैकीं एक बिंदु ७५ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित् पलीकडे आहे. दुसरा त्याच्या समोर, अमेरिकेच्या बाजूस. पहिल्या बिंदूचा रेखांश नकाशावर उत्तरेकडे वाढविला तर तो अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर या शहरांमधून जातो. अर्धापूर त्याच्या पूर्वेस अवघे दोन-सव्वादोन अंश. अर्धापुराहून पाहतां हा बिंदु दक्षिणेस, किंचित् पश्चिमेकडे, क्षितिजापासून सुमारें ६७ अंश उंचीवर येतो.

या बिंदूचा गुण असा कीं, उपग्रह त्याच्या पूर्वेस असला तर पूर्वेचा फुगवटा त्याला पुढें ओढतो. म्हणून तो वर चढतो, मंदावतो आणि मागें, म्हणजे पश्चिमेकडे, बिंदूकडे येतो. पश्चिमेस असला तर उलट प्रकार होऊन तो पूर्वेकडे येतो. दोन्ही वाटा मध्याकडेच. १०० अंश रेखांशावर बंद पडलेला उपग्रह सावकाश घसरत बिंदूवरून जातो, ५० अंशांच्या आसपास थबकतो आणि परत फिरतो. अशा एका हेलकाव्याला दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. १९६३ मध्यें आकाशांत गेलेल्या सिन्कॉम-२ या उपग्रहाच्या अशा घसरण्यावरूनच विषुववृत्ताच्या या लंबगोलपणाचा पडताळा मिळाला. ८ सप्टेंबर २०१६ रोजीं सोडण्यांत आलेल्या इन्सॅट-३ डीआर या हवामान-उपग्रहाला ७४ अंशांची जागा देण्यांत आली. ती या बिंदूच्या अगदीं निकट आहे. मॉन्सूनचे ढग टिपणाऱ्या अशा उपग्रहाला तेथें पूर्व-पश्चिम दिशेनें फारसें सांवरावें लागत नाहीं. नांगरणी कधीं, पेरणी कधीं, याचा अंदाज घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग घडतो.

पण जो बिंदु जिवंत उपग्रहाला जपतो, तोच मृत उपग्रहालाही आपल्याकडे खेंचतो. नदीच्या डोहांत सुपीक गाळाबरोबर पाचोळाही यावा, तसें हें आहे. ज्यांचें इंधन संपलें, ज्यांची यंत्रें बिघडलीं, असे जगांतील अनेक देशांचे उपग्रह भारताच्या आकाशांतील या बिंदूभोंवतीं हेलकावे खात असतात, आणि चालू उपग्रहांच्या वाटेंतून पुन्हां पुन्हां जातात. यासाठीं आतां असा दंडक घालण्यांत आला आहे कीं, इंधन अगदीं संपण्याच्या आधींच उपग्रहाला दोन-तीनशें किलोमीटर वर चढवून वाटेंतून दूर करावें. भारतानें २०२२ च्या जानेवारींत इन्सॅट-४ बी हा उपग्रह असाच सुमारें ३४० किलोमीटर वर नेऊन बंद केला.

आतां पुन्हां लाग्रांजकडे वळावयाचें. १७७२ मध्यें त्यानें असा प्रश्न घेतला कीं, दोन मोठे गोल एकमेकांभोंवतीं फिरत असतां तिसरी लहान वस्तु कोठें ठेवली असतां ती त्यांच्याशीं नेहमीं सारखीच जागा राखून फिरेल? उत्तर आलें, पांच ठिकाणीं. त्यांपैकीं तीन दोन गोलांना जोडणाऱ्या रेषेवर आहेत. तीं ऑयलर या गणित्यानें आधींच शोधलीं होतीं. उरलेलीं दोन लाग्रांजचीं. सूर्य आणि पृथ्वी यांना पाया मानून समभुज त्रिकोण काढला तर त्याचा शिरोबिंदु पृथ्वीच्या ६० अंश पुढें एक, आणि ६० अंश मागें एक येतो. तींच हीं ठिकाणें.

पहिल्या बिंदूविषयीं एक गैरसमज सर्वत्र आढळतो. सूर्याचें व पृथ्वीचें आकर्षण जेथें सारखें होतें तो हा बिंदु, असें सांगण्यांत येतें. तें बरोबर नाहीं. तशी जागा पृथ्वीपासून सुमारें २ लक्ष ६० हजार किलोमीटरांवरच आहे, चंद्राच्याही अलीकडे. पहिला बिंदु मात्र १५ लक्ष किलोमीटरांवर आहे. त्याचें कारण असें. पृथ्वीपेक्षां सूर्याला १५ लक्ष किलोमीटर जवळ असलेलें यान, तें एकटेंच असतें तर, ३६० दिवसांहूनही थोड्या कमी काळांत फेरा पुरा करून दरवर्षीं पृथ्वीच्या पुढें गेलें असतें. परंतु पाठीमागून पृथ्वी त्याला ओढते, त्यामुळें सूर्याची ओढ तेवढी उणी होते, आणि उणी ओढ म्हणजे मंद चाल. बरोबर १५ लक्ष किलोमीटरांवर ही चाल पृथ्वीच्या चालीइतकी होते. तेथें बेरीज केली आहे ती केवळ दोन ओढींची नव्हे, फिरण्याचीही.

पांचांपैकीं त्रिकोणाचे दोन बिंदु बलवान आहेत. मोठ्या गोलाचें वस्तुमान लहानाच्या सुमारें २५ पटींहून अधिक असलें कीं त्यांच्याजवळची वस्तु सहसा पळून जात नाहीं. ती बिंदूभोंवतीं हेलकावे खात राहते. लाग्रांजला हा गणिताचा विलास वाटला होता. पण १९०६ च्या फेब्रुवारींत जर्मनींतील हायडेलबर्ग येथें माक्स वोल्फला सूर्य व गुरु यांच्या अशाच एका बिंदूजवळ एक लघुग्रह सांपडला. त्याला अकिलीज हें नांव मिळालें. आज असे दहा हजारांहून अधिक लघुग्रह गुरूच्या पुढें व मागें चालतांना आढळले आहेत, आणि त्यांचा एकेक हेलकावा सुमारें दीडशें वर्षांचा असतो. शनीच्या टेथिस या चंद्रापुढें टेलेस्टो आणि मागें कॅलिप्सो हे दोन लहान चंद्र अशाच बिंदूंवर चालतात. पृथ्वीच्या पुढल्या बिंदूपाशींही २०१० मध्यें एक लहानसा लघुग्रह सांपडला.

रेषेवरचे तीन बिंदु मात्र दुर्बळ आहेत. तळहातावर उभी काठी धरावी तसा त्यांचा समतोल. काठी अगदीं सरळ असेपर्यंत उभी. केंसभर कलली कीं कलतच जाते. सूर्य-पृथ्वीच्या पहिल्या बिंदूपाशीं झालेली चूक दर २३ दिवसांनीं सुमारें पावणेतीन पट होते. आज एका किलोमीटरची असलेली चूक तशीच सोडली तर चार महिन्यांत दीडशें किलोमीटरांच्या वर जाईल. अशा जागीं भारतानें आपलें यान ठेवलें आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजीं श्रीहरिकोट्याहून निघालेलें आदित्य-एल१ हें यान ६ जानेवारी २०२४ रोजीं तेथें पोंचलें. नांवांतील 'एल' हें लाग्रांजच्या नांवाचें आद्याक्षर होय. यान बिंदूवर उभें नाहीं. तें बिंदूभोंवतीं एक मोठें कडें काढीत फिरतें, आणि एका फेऱ्याला सुमारें १७८ दिवस लागतात. नेमक्या बिंदूवर राहिलें असतें तर पृथ्वीवरून त्याच्याशीं बोलतांना यंत्राला थेट सूर्याकडेच पाहावें लागलें असतें, आणि सूर्याच्या गोंगाटांत त्याचा क्षीण संदेश बुडून गेला असता. पहिल्या फेऱ्यांत २२ फेब्रुवारी आणि ७ जून २०२४ रोजीं त्याला लहान धक्के देऊन सांवरण्यांत आलें, आणि २ जुलै रोजीं तिसऱ्या धक्क्यानिशीं तो फेरा पुरा झाला. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर हातांतील काठी सारखी हलवीत असते, तसेंच हें आहे. हलणें थांबलें कीं तोल गेला.

इतका खटाटोप कशासाठीं? कारण या जागेवरून सूर्य अहोरात्र दिसतो. तेथें रात्र नाहीं, ग्रहण नाहीं. आणि सूर्यावरून निघालेलें वादळ पृथ्वीवर येण्यापूर्वीं तेथें पोंचतें. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाच्या साध्या सौरवाऱ्याला तेथून पृथ्वीपर्यंत यावयास तासाभराचा अवधि लागतो. ८०० किलोमीटर वेगाच्या वादळाला अर्धा तास. तेवढीच काय ती सूचना. अशा वादळाची सर्वांत मोलाची एक नोंद महाराष्ट्रांतच झाली आहे. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील निरीक्षकांनीं चुंबकसूचीकडे डोळे लावून जीं मापें टिपलीं, त्यांवरून पृथ्वीची आडवी चुंबकशक्ति तेथें सुमारें १६०० नॅनोटेस्लांनीं खालीं गेल्याचें दिसतें. त्या वादळानें युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें विस्कळित केलीं. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या म्हणून १९०४ मध्यें हें चुंबकीय निरीक्षण अलिबागला हलविण्यांत आलें. पुढें १३ मार्च १९८९ रोजीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत सुमारें ६० लक्ष लोक नऊ तास अंधारांत राहिले. मे १०-११, २०२४ च्या वादळांत लडाखमधील हानले येथूनही ध्रुवीय प्रकाशाची तांबूस छटा दिसली, आणि आदित्यवरील यंत्रांनीं त्या वादळाचीं मापें घेतलीं. यांपैकीं सूर्याचें अतिनील किरणांतील छायाचित्र घेणारी दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखालीं तयार झाली आहे.

मराठवाडा ध्रुवांपासून दूर आहे; कॅनडांतल्यासारखा प्रसंग येथें सहज येणार नाहीं. परंतु येथला शेतकरी ज्या उपग्रहांच्या आधारानें पावसाचा अंदाज ऐकतो, त्यांना असें वादळ इजा करूं शकतें. ७५ अंशांच्या बिंदूजवळचा हवामान-उपग्रह आणि १५ लक्ष किलोमीटरांवरील आदित्य यांचा संबंध असा आहे: एक ढगांवर पहारा करतो, दुसरा त्या पहारेकऱ्यावर येणाऱ्या संकटाची वर्दी देतो. पहिल्याची जागा निसर्ग सांभाळतो, पण तेथें दुसऱ्यांचा केर सांचतो. दुसऱ्याची जागा स्वच्छ राहते, कारण तेथें आपोआप कांहींच टिकत नाहीं. राहावयाचें तर इंधन खर्चून राहावें लागतें. आदित्याचें काम पांच वर्षांसाठीं योजिलेलें आहे. त्याच्या टांकींतील शेवटचा थेंब संपला कीं पहिला बिंदु त्याला जवळ ठेवणार नाहीं. कांहीं महिन्यांतच तें निसटून सूर्याभोंवतीं आपल्या स्वतंत्र वाटेनें फिरूं लागेल. त्या वेळीं सूर्यावरचा पहारा ज्यांना चालू ठेवावयाचा असेल त्यांना तेथें नवें यान धाडावें लागेल, आणि दर थोड्या दिवसांनीं त्याचा तोल पुन्हां पुन्हां सांवरावा लागेल.